डाव्या गालावरचं हसू

चांगुणाच्या तोंडाची डावी कड वर ओढलेली होती. लहानपणी, मोडनिंबच्या घरी, चुलीपुढं खेळता खेळता ती आमटीच्या पातेल्यावर पडली. गाल भाजला. जखम भरून आली तशी कातडी आवळत गेली आणि ओठाचा तो कोपरा जो वर चढला तो पुन्हा काही खाली उतरला नाही. डाग पुढं फिका पडला. पोर अंगानं वाढली, पण बघणाऱ्याला कायम वाटायचं की ही गालातल्या गालात कुणाला तरी हसतेय.

शाळेत गुरुजी फळ्याकडून वळले की तिलाच उभं करत. "काय गंमत आहे ती आम्हालाही कळू दे." ती गप्प राहायची. मग गप्प राहिल्याबद्दल वेगळा मार बसायचा.

लग्न मात्र त्या तोंडापायीच जमलं. सोलापूरहून नागनाथ बघायला आला होता. त्याच्या आईनं पोह्याची बशी घेताना हिच्याकडं पाहिलं आणि तिथंच ठरवून टाकलं, "पोरगी हसरी हाय. घरात असलं तोंड बरं." नागनाथ मार्केट यार्डात हमाली करायचा. बुधवार पेठेच्या पलीकडं एका बोळात त्यांची खोली होती. एका अंगाला यंत्रमागाच्या शेड, दुसऱ्या अंगाला माणसांची घरं, मधनं हातगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. चांगुणा तिथं नांदायला आली आणि मागांच्या खटखटीत तिचा संसार सुरू झाला.

पहिल्या दिवसांत नागनाथ सारखा विचारायचा, "काय झालं हसायला?" पुढं एकदा ती तापानं फणफणली होती, आईची आठवण काढत होती, आणि त्या हसऱ्या ओठांवरनं पाणी वाहत खाली हनुवटीला जमलं होतं. नागनाथ बराच वेळ बघत बसला. त्या दिवसानंतर त्यानं बायकोच्या मनाचा ठाव तिच्या तोंडावरनं कधी घेतला नाही. डोळ्यांकडं बघायचा आणि मग बोलायचा.

पण जग काही नागनाथासारखं थांबून बघत नाही. हळदीला, बारशाला, घरभरणीला चांगुणाला आधी आवतण असायचं. आणि जिथं कुणी वारलं असेल तिथं ती जायची नाही.

त्याला कारण घडलं होतं. तिचा बाप गेला तेव्हा ती मोडनिंबला पोचली, तोवर अंगणात तिरडी बांधत होते. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आत सगळं ढासळत होतं, रडू मात्र घशाशी येऊन अडलं होतं. करकंबहून आलेली आत्या तिच्याकडं बघून शेजारणीला म्हणाली, "बग की, बाप गेला आन ही हसती हाय." कुणीतरी म्हणालं, "अगं, तोंडच तसं हाय तिचं." पण शब्द अंगणभर फिरून आला होता. चांगुणानं पदर तोंडावर धरला, तर बाया म्हणाल्या, हसू दाबती हाय.

तेव्हापासून दुखवट्याच्या घराचा उंबरा तिनं ओलांडला नाही. भाकरी मात्र तिच्याच हातच्या जायच्या. कडक भाकरी करून ती दुकानांना द्यायची, तोच तिचा धंदा होता, आणि बोळात कुणाचं काही झालं की चूल आधी तिची पेटायची. घेऊन जायची शेजारची बजाबाई.

त्या बोळाची एक रीत होती. ज्या घरात माणूस गेलं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारनं पिठलं-भाकरी आणि त्यावर कडुलिंबाचा पाला न्यायचा. ही झाली सगळीकडची गोष्ट. पण इथं जी घास घेऊन जाई तिनं त्या माणसांपुढं बसून पहिला घास स्वतः खायचा. दुःखातल्या माणसाला गिळायचं कसं तेच आठवत नाही, म्हणून आधी आपण गिळून दाखवायचं, असं जुन्या बाया सांगत. मग ते घर बौद्धाचं असो, पद्मशाल्याचं असो की लिंगायताचं, आणणारीचा पहिला घास सगळे मानत.

मग ते करोनाचं वर्ष आलं. माग थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोळाला स्वतःचा आवाज ऐकू आला, नळाला पाणी यायच्या आधी पाइपातनं सुटणारी हवा, कुणाच्या तरी घरातली खोकल्याची उबळ, लिंबाच्या झाडावरची पाखरं. चांगुणानं जुन्या लुगड्याचा तुकडा दुमडून मास्क शिवला आणि कानामागं नाड्या अडकवून रेशनच्या दुकानापुढं जाऊन उभी राहिली.

दुकानदार वर बघून म्हणाला, "मावशी, उन्हात का? इकडं सावलीला या."

एवढ्या वर्षांत त्यानं तिला सावलीला बोलावलं नव्हतं. ती घरी आली आणि आरशापुढं बसली. तोंड झाकलेलं, वर नुसते डोळे. स्वतःचे डोळे असे एकटे तिनं कधी बघितलेच नव्हते. बापाचे डोळे होते ते. खोल, दमलेले, कडेला काळसर. तिनं मास्क खाली ओढला, तर आरशात ती नेहमीची खुदखुदणारी बाई. परत वर केला, बाप परत आला. ती दुपारभर तसंच करत बसली.

त्या उन्हाळ्यात तिला दुपारी झोप लागली की एकच स्वप्न पडायचं. बोळ माणसांनी भरलेला, पण सगळ्यांची तोंडं अर्धीच झालेली. कुंभारानं नाकापर्यंत घडवावं आणि जेवायला उठून जावं तशी. खाली ओली, गुळगुळीत माती. आणि जो तो समोरच्याच्या मातीत बोट घालून त्याचं तोंड पुरं करत होता. स्वतःचं कुणाला करता येत नव्हतं. ती रांगेत उभी असायची, आपली पाळी कधी येते बघत, आणि पाळी येण्याआधी जाग यायची.

पुढं बोळात माणसं दगावू लागली. बोळाच्या तोंडाशी राहणारे कोंडीबा गेले, तेव्हा कुणीच कुणाच्या दारात जात नव्हतं. त्यांची सून एकटी दारात उभी. चांगुणानं भाकरी बांधल्या आणि बजाबाईच्या दाराशी गेली.

"मी न्हाय जायची बाई," बजाबाई आतनंच म्हणाली. "माजी शुगर वाढल्याली. तू ठेवून ये उंबऱ्यावर."

चांगुणा गेली. डबा उंबऱ्यावर ठेवला आणि मागं फिरायचं ते ती पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. कोंडीबांच्या सुनेनं तिच्याकडं पाहिलं. नुसत्या डोळ्यांकडं. आणि सकाळपासून दगड झालेली ती बाई भडभडून रडली. चांगुणाही रडली. बापाचं अडलेलं रडू होतं की काय कोण जाणे, मास्क भिजून गालाला चिकटला.

मग दुसरं घर, मग आणखी एक. घास तेव्हा कुणी समोर बसून खात नव्हतं, डबा बाहेर ठेवायचा आणि लांब बसायचं. चांगुणा बसायची. फार बोलायची नाही. लोक म्हणू लागले, चांगुणाताईला बोलवा, तिच्या डोळ्यांत बघितलं की रडू वाट काढतं.

बजाबाईनं पाणी यायच्या दिवशी नळावर टोमणा मारलाच. "आता बारशाला बी तू आन मयताला बी तूच. आमी काय नुसती भांडी घासू?" आणि घागर उचलता उचलता, "मास्क लई शोभतोय की तुला."

चांगुणाला तो टोमणाही गोड लागला.

समोरच्या खोलीत त्याच सुमारास सुंदरम्मा राहायला आली. अक्कलकोटकडची, विधवा, सोबत म्हातारी आई. आईला ती अव्वा म्हणायची, मग सगळा बोळच अव्वा म्हणू लागला. दुसऱ्या लाटेत सुंदरम्माचा भाऊ बसवराज तिकडं गावीच वारला. गाड्या बंद. हिला जाता येईना, तोंड बघता येईना. ती दारात बसून कानडीत त्याच्याशी बोलत होती, तो समोर असल्यासारखी. चांगुणा पलीकडच्या पायरीवर बसली. भाषा कळत नव्हती, पण कुठं मान हलवायची ते कळत होतं.

त्यानंतर रोज दुपारी दोघी आपापल्या पायरीवर बसायच्या. मधनं बोळ. ऊन असं पडायचं की समोरची भिंत पाण्यात हलल्यासारखी दिसे, आणि त्या हलत्या उजेडात दोघींचे डोळे तेवढे स्थिर. सुंदरम्मा एकदा म्हणाली, "तुला बघितलं की माझी थोरली अक्का आठवती. गेली ती. असंच तोंड तिचं. एवढंसं, मिटलेलं."

"तुमी माजं तोंड कुटं बगितलंय?"

"बघायला कशाला पायजे? डोळ्यावरनं कळत नाही काय?"

सांगायला हवं होतं हे चांगुणाला कळत होतं. पण त्या दिवसापासून कापडाखाली तिला खरंच एक लहान, मिटलेलं तोंड असल्यासारखं वाटू लागलं. भाकरी थापताना ती जीभ फिरवून बघायची. ती दुसरी चांगुणा तिला आवडत होती. तिला कुणी कुठं अडवत नव्हतं.

एकदा सुंदरम्मानं पाणी प्यायला मास्क खाली केला आणि चांगुणा दचकली. तिनं मनात सुंदरम्माला मोठं, ऐसपैस तोंड दिलं होतं, पुढच्या दातांत फट असलेलं. हिचे ओठ तर पातळ, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, दात किडके. वाटलं, कुणी परकी बाई सुंदरम्माचे डोळे लावून बसली आहे. सुंदरम्मानं मास्क वर केला तेव्हा चांगुणाला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. पुढं ते तोंड पुन्हापुन्हा दिसलं. डोळ्यांची आणि तोंडाची गाठ बसायला बरेच दिवस गेले. चांगल्या तोंडाला एवढा वेळ, मग आपलं तोंड दिसल्यावर काय होईल, या विचारानं तिचा हात आपोआप नाडीकडं जायचा.

पाडव्याच्या सुमारास बातमी आली, आता सक्ती नाही. लोकांनी मास्क खिळ्याला टांगले, कुणी त्यानं गाडी पुसली. बोळात जणू नवे भाडेकरू आले. मागांची खटखट पुन्हा भरात आली होती. चांगुणाचा मास्क तेवढा राहिला. विचारलं की म्हणायची, पिठाची धूळ सोसत न्हाय.

"किती दिवस?" नागनाथनं जेवताना विचारलं.

"राहू दे की. काय खातंय ते?"

"मला खातंय," तो म्हणाला. "तुजं तोंड बगायची सवय हाय मला."

संध्याकाळी ती विहारात जायची. वंदना झाली, लोक उठून गेले की बुद्धाच्या मूर्तीपुढं जरा बसायची. त्या ओठांच्या कोपऱ्यातही हसू होतं. दुःखाबद्दल एवढं बोललेला, आणि तोंडावर हसू. त्याला कुणी विचारत नाही, काय गंमत आहे. चांगुणा हात जोडायची आणि मनात म्हणायची, तुमचं निभलं बाबा, माजं कसं निभायचं? उत्तराची तिची घाई नव्हती. फरशी गार असायची, तेवढं बरं वाटायचं.

मे महिन्यात अव्वा गेली. पहाटे झोपेतच. गावाकडनं नातेवाईक आले, दुपारपर्यंत माती देऊन माणसं परतली. चांगुणानं पिठलं घोटलं, मऊ भाकरी केल्या, लिंबाचा पाला वर ठेवला, मास्क नीट केला आणि बजाबाईला हाक मारली.

सुंदरम्मा भिंतीला टेकून बसली होती. भोवती चार बायका. चांगुणा समोर बसली, ताट पुढं सरकवलं. सुंदरम्मानं तिच्याकडं पाहिलं, तिचा चेहरा जरा सैल झाला. "बा," ती म्हणाली. ये म्हणायची तिची तीच पद्धत होती.

गावाकडची एक म्हातारी म्हणाली, "घास घ्या बाई तुमी. तुमच्यात तशी रीत हाय म्हणं. पहाटेपासनं हिच्या पोटात पाणी पण न्हाय."

चांगुणाचा हात ताटावरच राहिला. दोन वर्षांत या भागाची आठवणच पुसली गेली होती. डबा उंबऱ्यावर, आपण पायरीवर, एवढंच डोक्यात राहिलं होतं.

बजाबाईला मात्र सगळं समजलं. टोमणे मारणारी बाई, पण तिनं झटकन हात पुढं केला. "आण हिकडं. मी घेते घास."

"नको," सुंदरम्मा म्हणाली. "तिनंच."

चांगुणानं एक नाडी सोडली. मग दुसरी. कापड मांडीवर पडलं. ओठांना वारा लागला, आणि परक्या घरात उघड्या तोंडानं बसल्याला किती काळ लोटला ते तिला जाणवलं. कोपऱ्यातली एक बाई दुसरीच्या कानाशी कानडीत काही बोलली. चांगुणाला कानडी फारशी येत नव्हती, पण हसण्याला काय म्हणतात ते बोळात राहून ठाऊक झालं होतं.

सुंदरम्मा टक लावून बघत होती.

"हसतीस?"

"न्हाय, सुंदरम्मा. माजं तोंडच असं हाय. लहानपणी भाजलंवतं."

"ते लाव परत."

चांगुणानं मांडीवरच्या कापडाकडं पाहिलं.

"लाव, अक्का. मला माझी चांगुणा पायजे. ही कोण बाई बसलीय मला ठाऊक नाही."

बजाबाई पुटपुटली, "ऊठ गं, चल."

कापड मांडीवर होतं, हात लांब करायचाही नव्हता. दोन नाड्या अडकवल्या की ती मिटल्या तोंडाची बाई परत आली असती, सुंदरम्माची अक्का परत आली असती, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असतं. चांगुणाची बोटं कापडाला लागली. तिचं लक्ष सुंदरम्माच्या ओठांकडं गेलं. कोरडे पडून चिरले होते.

"तोंड झाकून घास जात न्हाय गं," ती म्हणाली.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, वर लिंबाची पानं ठेवली आणि तोंडात घातला. चावताना डावा कोपरा आणखीच उडत होता, हेही तिला माहीत होतं. कडू जिभेवर पसरलं. तिनं सगळ्यांसमोर सावकाश चावून गिळलं.

सुंदरम्मानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. बजाबाईनं चांगुणाच्या खांद्याला हात लावला, पण चांगुणा उठली नाही. ती सरकत सुंदरम्माच्या मागं गेली आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसली. आता कुणाला कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. मग दुपारी पायरीवरनं बोलायची त्याच आवाजात ती बोलू लागली.

"अव्वा मला म्हणायची, तुजी भाकरी कागदासारखी. आमच्याकडं रोट्टी अशी करतेत का? आन तरी रोज अर्धी जास्त मागायची. एकदा मी मुद्दाम जाड केली. तर म्हणती, आज भाकरी कुणी केली, तुज्या नवऱ्यानं?"

सुंदरम्माची पाठ ताठ होती, लाकडासारखी. चांगुणा बोलत राहिली. अव्वा पाण्याच्या दिवशी नळाला शिव्या कशा द्यायची, मागाची खटखट थांबली की कशी दचकून जागी व्हायची, बसवराजची आठवण आली की मिठाचा डबा कसा उगाच पुसत बसायची. बोलता बोलता तिला वाटलं, पाठीवर हळूहळू काहीतरी टेकतंय. आधी खांदा, मग सगळं वजन. गावाकडच्या बायका हातपाय धुवायला एकेक करून बाहेर गेल्या. दारातनं ऊन आत आलं होतं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, कुठल्या तरी शेडमधनं उडून आलेले. चांगुणाला वाटलं, आपण पुन्हा त्या स्वप्नाच्या रांगेत बसलो आहोत. पण या वेळी जाग येत नव्हती.

"अजून सांग," भिंतीकडच्या बाजूनं आवाज आला.

"सांगते. पण तू खा आदी."

एक हात मागं आला, पंजा उघडा. चांगुणानं त्यावर घास ठेवला. हात परत गेला. चावल्याचा आवाज तिला पाठीतून ऐकू आला, मग गिळल्याचा, मग कडू लागल्याचा छोटासा हुंकार. हात पुन्हा मागं आला. तिनं पुन्हा घास ठेवला.

बऱ्याच वेळानं पाठीवरचं वजन हललं. सुंदरम्मा वळून समोर आली. तिनं चांगुणाचं कपाळ बघितलं, डोळे बघितले, मग खाली उतरत भाजलेला गाल, मग ओठ. घाई केली नाही. तवा तापलाय का बघावं तसं बोट पुढं करून तिनं तो वर गेलेला कोपरा अलगद टिपला.

"दुखतंय?"

"आता न्हाय."

"माझ्या अक्कासारखं नाही हे तोंड."

"न्हाय," चांगुणा म्हणाली.

सुंदरम्मानं पदरानं डोळे पुसून ताट दोघींच्या मधे ओढलं आणि उरलेल्या भाकरीचे दोन तुकडे केले.

"खा," ती म्हणाली. "मी बघते. मला सवय करायला पायजे."